छायाचित्रकाराची तिपाई

१८३८ सालीं पॅरिस शहरांतील बुल्व्हार द्यु तांप्ल या रस्त्याचें एक चित्र लुई दागेर यानें आपल्या खिडकींतून घेतलें. रुप्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तें उमटलें. रस्ता भर वस्तींतला; गाड्या, घोडे आणि पादचारी यांची त्यावर सारखी ये-जा चालू असे. परंतु चित्रांत पाहावें तों रस्ता ओस! दुतर्फा घरें आहेत, झाडें आहेत, धुराडीं आहेत. माणसें मात्र नाहींत. फक्त एका कोपऱ्यांत एक पाय पुढें करून उभा असलेला एक गृहस्थ दिसतो. तो आपले बूट पुसून घेत होता, म्हणून कांहीं मिनिटें एका जागीं थांबला. आणि छायाचित्रांत उमटलेला बहुधा पहिला मनुष्य हा मान त्याला अनायासें मिळाला. बाकीचे सारे चालत होते, म्हणून ते जणूं पुसले गेले.

पत्र्यावर प्रकाशाचा ठसा बसण्यास त्या वेळीं कित्येक मिनिटें लागत, हें याचें कारण. त्यापूर्वीं सुमारें दहा-बारा वर्षें नीएप्स यानें आपल्या घराच्या खिडकींतून जें चित्र घेतलें, त्यास तर निदान आठ तास लागले असें मानतात. जें हलतें तें उमटत नाहीं, हा या कलेचा पहिला नियम. आणि पाहणाऱ्या यंत्रानेंही हलूं नये, हा दुसरा नियम त्यांतून ओघानेंच आला. या दुसऱ्या नियमापोटीं छायाचित्रकाराच्या सामानांत तिपाई आली. आज खिशांत मावणाऱ्या यंत्रानें चालतां चालतां चित्र घेतां येत असतां या तीन पायांच्या ओझ्याची खरोखर गरज आहे काय, असा प्रश्न पुष्कळ हौशी मंडळी विचारतात. 'होय' किंवा 'नाहीं' असें एका शब्दांत उत्तर देण्यापूर्वीं या तिपाईचा इतिहास थोडक्यांत पाहणें उचित होईल.

पाय तीनच कां? चार पायांचें टेबल उंचसखल जमिनीवर डुगडुगतें. कारण तीन पाय टेकले तरी चौथा अधांतरीं राहण्याचा संभव असतो. तीन पायांचें तसें नाहीं. एका रेषेंत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच पातळी जाते, म्हणून तीन पाय कोठेंही ठेवले तरी ते टेकतातच. खेड्यांतील गृहिणीला हें भूमितीच्या पुस्तकावांचून ठाऊक असतें. रानांत चूल मांडावयाची झाली तर ती दगड तीनच मांडते. जमीन मोजणाऱ्यांचीं यंत्रें छायाचित्रणाचा शोध लागण्यापूर्वींपासून अशाच तिपाईवर उभीं राहत. तीच युक्ति छायाचित्रकाराच्याही कामीं आली.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थानें कांचेवर चित्र घेण्याची 'ओली' पद्धति प्रसिद्ध केली. कांचेवर कोलोडियन ओतावें, अंधारांत ती कांच रुप्याच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावी, ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालून चित्र घ्यावें आणि वाळण्यापूर्वीं धुवून काढावें, असा तिचा क्रम. आतां मिनिटांचें काम सेकंदांवर आलें. तथापि तेवढे सेकंदही यंत्र हातांत धरणें शक्य नव्हतें. शिवाय अंधारी राहुटी, कांचा, बाटल्या आणि तिपाई असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. मुंबईंत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीं स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळचे नांवाजलेले छायाचित्रकार होते. ज्या कलेस सोळा वर्षांपूर्वीं पॅरिसमध्यें धड नांवही मिळालें नव्हतें, ती इतक्या लवकर आपल्या किनाऱ्यावर रुजली, ही ध्यानांत ठेवण्याजोगी गोष्ट आहे.

सॅम्युएल बोर्न हा १८६३ सालीं सिमल्याहून हिमालयांत गेला, तेव्हां त्याचें सामान वाहण्यास सुमारें तीस हमाल होते. १८६६ सालच्या सफरींत तो मणिरंग खिंडीपर्यंत, म्हणजे अठरा हजार फुटांहून अधिक उंचीवर पोंचला आणि तेथेंही त्यानें चित्रें घेतलीं. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठीं आलेला मेजर रॉबर्ट गिल यानेंही कॅमेरा हातीं घेतला होता. लेण्यांच्या त्याच्या छायाचित्रांचें पुस्तक १८६४ सालीं निघालें. दोनच वर्षांनीं, १८६६ मध्यें, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून गिलनें वर्षानुवर्षें खपून रंगविलेल्या बहुतेक नकला जळून गेल्या. छायाचित्रें मात्र छापलीं गेलीं असल्यामुळें टिकलीं. लेण्यांच्या अंधुक उजेडांत तीं घेतांना यंत्रास पक्का आधार नसता, तर तेवढीही नोंद मागें उरली नसती.

परंतु या स्थिर युगास एक दुसरीही बाजू आहे. यंत्रास तीन पाय लाभले, पण माणसास कोठून लाभणार? म्हणून चित्रशाळेंत खुर्चीमागें एक लोखंडी दांडा उभा असे, आणि त्याच्या टोंकाचा चिमटा बसणाऱ्याचें डोकें मागून धरून ठेवी. त्या काळच्या चित्रांतील माणसें ताठ व गंभीर दिसतात, त्याचें एक कारण हेंच. त्यांतही ज्यांस थांबण्यास सवड होती, तेच उमटले. राजे, सरदार, शेटसावकार खुर्चीवर बसले. किल्ले, देवळें, घाट हे तर उभेच होते. ओझें घेऊन जाणारी मोलकरीण, गाडीवान, खेळणारीं मुलें हीं धुक्यासारखीं विरून गेलीं, किंवा 'हलूं नका' अशी ताकीद देऊन उभीं केलीं गेलीं. एकोणिसाव्या शतकाचें जें रूप आज चित्रसंग्रहांत दिसतें, तें पुष्कळ अंशीं तिपाईनें निवडलेलें रूप आहे. इतिहास वाचणाऱ्यानें ही निवड विसरतां कामा नये.

ही स्थिति हळूहळू पालटली. १८७१ सालीं रिचर्ड लीच मॅडॉक्स यानें जिलेटिनच्या कोरड्या कांचेची कल्पना मांडली. पुढील दहा वर्षांत ती इतकी सुधारली कीं, चांगल्या उन्हांत सेकंदाचा लहानसा अंशही चित्रास पुरूं लागला. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमन यानें 'कोडॅक' नांवाची पेटी बाजारांत आणली. तींत शंभर चित्रांची गुंडाळी असे आणि ती हातांत धरूनच वापरावयाची होती. १९०० सालीं त्याच कारखान्याची 'ब्राउनी' पेटी अवघ्या एका डॉलरला मिळूं लागली. यानंतरची पायरी जर्मनींत पडली. वेट्झलार येथील लाइट्झ कारखान्यांत ऑस्कर बार्नाक नांवाचा कारागीर होता. त्यास दम्याचा विकार असल्यामुळें कांचांचें जड सामान घेऊन डोंगर चढणें झेपत नसे. सिनेमाच्या ३५ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मवर चालणारा एक लहानसा कॅमेरा त्यानें १९१३-१४ च्या सुमारास तयार केला. तोच १९२५ सालीं 'लायका' या नांवानें विक्रीस आला.

कॅमेरा हातांत आला. पण हात तो हातच. पाण्यानें कांठोकांठ भरलेलें फुलपात्र हातांत धरून कोणींही स्वस्थ उभें राहून पाहावें. श्वासाबरोबर पाणी थरथरल्याशिवाय राहत नाहीं. त्या थरथरीचा ठसा चित्रावर न पडावा म्हणून अनुभवी लोकांनीं एक ठोकताळा बसविला. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचें भिंग असेल, तर झडप सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षां अधिक वेळ उघडी ठेवूं नये. २०० मिलिमीटरचें असेल, तर दोनशेंाव्या भागापेक्षां अधिक ठेवूं नये. दूरचें जवळ आणणारें भिंग वस्तूप्रमाणें हाताचा कंपही मोठा करतें, हें त्यामागील साधें कारण.

या मर्यादेंत राहून केवढें काम करतां येतें, हें आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकारानें दाखविलें. लायका घेऊन तो रस्त्यारस्त्यांतून हिंडे; तिपाई नाहीं, झगझगीत दिवा नाहीं. ३० जानेवारी १९४८ रोजीं तो दिल्लीस महात्मा गांधींना भेटला. तो निघून गेल्यावर थोड्याच वेळांत गांधींजींचा खून झाला. त्या रात्रीं बिर्ला भवनाच्या फाटकावर उभे राहून पंडित नेहरू लोकांना ती वार्ता सांगत असतां त्यानें घेतलेलें चित्र प्रसिद्ध आहे. अपुऱ्या उजेडांतील तें चित्र धूसर आहे. पण तिपाई उभी करीत बसला असता, तर तें चित्र कोणासच मिळालें नसतें. आणि त्या रात्रीचा हलकल्लोळ त्या धूसरपणांतच अधिक प्रत्ययास येतो.

यावरून तिपाई कालबाह्य झाली असें कोणी म्हणेल, तर त्यानें अमेरिकेंतील अॅन्सेल अॅडम्स याचें उदाहरण पाहावें. १ नोव्हेंबर १९४१ रोजीं सायंकाळीं न्यू मेक्सिको प्रांतांतील हर्नान्डेझ या खेड्यावर उगवलेला चंद्र आणि मावळत्या उन्हांत चमकणारे थडग्यांवरील क्रूस त्यानें मोटारींतून पाहिले. त्याचा कॅमेरा ८ बाय १० इंचांच्या फिल्मचा. तो धांवत उतरला, तिपाई रोवली. प्रकाशमापक सांपडेना, तेव्हां चंद्राच्या तेजावरून मनाशीं हिशेब केला आणि एक सेकंद झडप उघडली. दुसरें चित्र घेण्यापूर्वींच क्रूसांवरचें ऊन गेलें. तो एक सेकंद हातावर कधींच निभावला नसता. आणि हेंही दिसून येतें कीं, तिपाई माणसास मंद करतेच असें नाहीं. मंदपणा सरावाच्या अभावीं येतो.

तिपाईचा आणखी एक गुण दादासाहेब फाळके यांनीं ओळखला होता. 'राजा हरिश्चंद्र' हा बोलपट नव्हे, तर मूकपट १९१३ सालीं मुंबईंत लोकांपुढें आला. त्याआधीं १९१२ मध्यें त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा ठेवला, आणि रोप वाढत असतां महिनाभराहून अधिक काळ थोडथोडें चित्रण केलें. पडद्यावर तें रोप पाहतां पाहतां वर आलें. कॅमेरा मध्येंच बोटभर सरकता, तर रोप वाढण्याऐवजीं उड्या मारतांना दिसलें असतें. काळ मोजावयाचा तर पाहणाऱ्यानें आपली जागा सोडतां कामा नये.

अलीकडे यंत्रांनींच हाताचा कंप ओळखून तो सांवरण्याची विद्या संपादन केली आहे. १९९५ सालीं कॅनन कंपनीनें बदलतां येणाऱ्या भिंगांत ती प्रथम आणली. पुढें ती कॅमेऱ्याच्या पोटांतही आली. मोबाइल फोन तर रात्रीं एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक चित्र जुळवितात. त्यामुळें पूर्वीं जेथें तिपाई अपरिहार्य होती, तेथील पुष्कळ कामें आज तिच्यावांचून होतात, हें प्रांजळपणें मान्य केलें पाहिजे. पण हा उपाय फक्त हाताच्या कंपावर आहे. धांवणारें मूल त्यानें स्थिर होत नाहीं. तें तिपाईनेंही होत नाहीं. त्यास झडपेची चपळाईच हवी. उलट अंधाऱ्या गाभाऱ्यांतील मूर्ति, जीर्ण पोथीचें पान, मिनिटभर उघडी ठेवलेली झडप, किंवा दरवर्षीं एकाच जागेवरून टिपावयाची नदीची पूररेषा, अशा कामीं तीन पायांस आजही तोड नाहीं.

तेव्हां तिपाई हवी कीं नको, हें यंत्राकडे पाहून ठरत नाहीं. समोर काय आहे आणि तें किती वेळ थांबणार आहे, हें पाहून ठरतें. पुष्कळ घरांच्या भिंतीवर दोन चित्रें शेजारीं शेजारीं असतात: एकांत पगडी घालून खुर्चीवर ताठ बसलेले पणजोबा आणि दुसऱ्यांत अंगणांत धांवतां धांवतां मागें वळून हंसणारी नात. पहिलें तिपाईवांचून मिळालें नसतें आणि दुसरें तिपाईवर मिळालें नसतें. घरास दोन्ही चित्रें हवीं असतात, एवढें ज्यानें ओळखलें, त्यानें तिपाई केव्हां उघडावी आणि केव्हां कोपऱ्यांत ठेवून द्यावी, हें त्यास निराळें शिकवावें लागत नाहीं.