एकादशीची वरी



परवा एकादशीला एका घरी फराळाचे बोलावणे होते. ताटात साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याचा लाडू. यजमान प्रेमाने म्हणाले, "बुवा, सगळं आपलं जुनं आहे हं, वाडवडिलांपासूनचं." अन्नाला नावे ठेवू नयेत म्हणून मुकाट्याने जेवलो. मनात मात्र हिशेब सुरू झाला, तो तुमच्यापुढे मांडतो.

ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली १२९६ साली. कोलंबस अमेरिकेला लागला १४९२ साली. बटाटा, मिरची, भुईमूग आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, ही सगळी मंडळी त्या अमेरिकेतून आलेली. रताळेसुद्धा तिकडचेच! साबुदाणा तर फारच अलीकडचा. आधी तो पूर्वेकडच्या बेटांवरून यायचा, ताडासारख्या झाडाच्या गाभ्यातला. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली आणि तामिळनाडूत सेलमच्या बाजूला टॅपिओकापासून तो बनू लागला. म्हणजे माउलींच्या काळी त्या ताटातला एकही जिन्नस महाराष्ट्राने पाहिलेला नव्हता. मिरचीचे नावच पाहा, मिरीवरून पडलेले. तिखटाचा मान आधी मिरीचा होता.

मग त्या काळचे लोक एकादशीला काय खात? पुष्कळ जण काहीच खात नसत, हे आधी सांगितले पाहिजे. "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी आपल्यासाठी केली आहे. पण पोरेबाळे, म्हातारे, आजारी यांना काहीतरी लागणारच. त्यांच्यासाठी दूध, फळे, सुरण, करांदे आणि वरी.

वरी आमच्या कर्जतच्या मातीतली. कडावच्या आसपास सपाटीला भात, पण पूर्वेला भीमाशंकराच्या अंगाने डोंगर चढू लागले की वरकस जमीन. तिथे ठाकर, महादेव कोळी पहिल्या वर्षी नाचणी घेत, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीळ किंवा खुरासणी, आणि नंतर जमीन काही वर्षे पड टाकत. दिवाळीच्या आगेमागे वरी झोडून घरात यायची. कार्तिकी एकादशीला नवी वरी, असा तो मेळ होता.

माझी आई ती जात्यावर हलक्या हाताने भरडायची, उखळात कांडायची, सुपात पाखडायची. चार माणसांच्या फराळाला अर्धा दिवस जाई. वरी मागे पडली त्याचे मोठे कारण हे कष्ट आहेत, आणि ते बायकांचे होते. पुरुषांनी उगाच हळहळू नये.

माझ्या घरी मात्र कारण वेगळे झाले. कीर्तनाला नाव होऊ लागले तशी घरी मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागली. एका एकादशीला आईने पाहुण्यांपुढे वरीचा भात, ताकाची कढी आणि उकडलेले करांदे ठेवले. पाहुणे काही बोलले नाहीत. लाज मला वाटली. ते गेल्यावर मी तिला म्हणालो, "आई, चार लोक येतात. साबुदाणा आणत जा." ती "बरं" म्हणाली. तिने पुन्हा वरी शिजवली नाही. स्वतःसाठीसुद्धा नाही. त्या सुमारास मी गावोगाव शबरीच्या बोरांवर निरूपण करीत होतो.

आता कृती सांगतो. वाटीभर वरी निवडून, धुऊन, निथळून घ्यावी. तुपात जिरे टाकून ती खमंग परतावी. तीन वाट्या आधणाचे पाणी, मीठ, आणि मंद आचेवर झाकण. कढी आंबट ताकाची, जिरे-मिरी कुटून घातलेली, आल्याचा लहानसा तुकडा चालेल. करांदे मिठाच्या पाण्यात उकडून सोलावेत. थोडे कडवट लागतात, तीच त्यांची चव. ते ओळखीच्या माणसाकडूनच घ्यावेत, कारण रानातले काही कंद त्यांच्यासारखे दिसतात पण घशाला लागतात. आणि वरीचे पीठ दळून फार दिवस ठेवू नये. त्याला बुरशी धरते, ते बाधते.

गेल्या कार्तिकीला डोंगराकडच्या एका वाडीतून दोन शेर वरी आणली. सूनबाईने विचारले, "मामंजी, आत्या कढीत आमसूल घालत होत्या का?" मला आठवेना. इतकी वर्षे तिच्या हातचे जेवलो, पण चुलीपाशी कधी बसलो नव्हतो. शेवटी वरी देणाऱ्या म्हाताऱ्या ठाकरणीलाच निरोप धाडला. ती म्हणाली, "ताक आंबट असंल तर कशाला घालायचं?"

नातवाने दोनदा वाढून घेतली. करांदा मात्र त्याने ताटाच्या कडेला सारला.