दुष्काळ, प्लेग आणि ईश्वरी संरक्षणावरील विश्वास : पंडिता रमाबाई व केडगावचे मुक्ती मिशन

प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर वसलेले आहे. 1906 मध्ये बार्शी लाईट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत गेली आणि मोडनिंब हे त्या मार्गावरील एक स्थानक झाले. एका बाजूस वारीची वाट आणि दुसऱ्या बाजूस अवर्षणाचा प्रदेश, असे या परिसराचे दुहेरी स्वरूप आहे. 1876-77 च्या भीषण दुष्काळात मदतकाम म्हणून हाती घेतलेला आष्टीचा तलाव याच परिसरात आहे. ज्या प्रदेशात पावसाचा भरवसा नाही, तेथे देवावरचा भरवसा हा केवळ तत्त्वचर्चेचा विषय राहत नाही. तो जगण्या-मरण्याचा प्रश्न होतो.

याच जिल्ह्यातील मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सर्वश्रुत आहे. बहमनी राजवटीतील दुष्काळात दामाजीपंतांनी सरकारी धान्याची कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारात त्या धान्याची किंमत भरली, असे परंपरा सांगते. या कथेत देवाचे संरक्षण येते ते माणसाने स्वतःचा जीव धोक्यात घालून कोठार उघडल्यानंतर. विश्वास आणि कृती यांचा हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

मोडनिंबप्रमाणेच पर्जन्यछायेत व भीमेच्या खोऱ्यात असलेल्या, पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगाव (तालुका दौंड) येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती श्रद्धेच्या संदर्भात हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर कसोटीस लागला. पंडिता रमाबाई यांनी तेथे उभारलेले मुक्ती मिशन ‘विश्वासावर चालणारी संस्था’ म्हणून ओळखले गेले. या विश्वासाचा ऐतिहासिक अर्थ काय होता, तो निष्क्रिय होता की कार्यप्रवर्तक, आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ख्रिस्ती परंपरेतील संकल्पना

ख्रिस्ती धर्मात ईश्वरी संरक्षणाचा सर्वांत ठळक आधार म्हणून बायबलच्या जुन्या करारातील 91 व्या स्तोत्राचा निर्देश केला जातो. देवाच्या आश्रयाला राहणाऱ्यास मरीचे व संकटाचे भय नाही, असा त्याचा आशय आहे. तथापि मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत या स्तोत्राचा आधार घेणारा सैतान आहे, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव तुला झेलील, असे तो येशूस सुचवतो आणि देवाची परीक्षा पाहू नये, असे सांगून येशू ते नाकारतो. म्हणजेच विश्वास आणि दुःसाहस यांतील भेद मूळ ग्रंथातच सांगितलेला आहे.

हा भेद पुढील काळातही वारंवार मांडला गेला. विटेनबर्ग येथे प्लेगची साथ पसरली असता मार्टिन ल्यूथर यांनी 1527 मध्ये लिहिलेल्या पत्रपुस्तिकेत औषध घेणे, संसर्ग टाळणे आणि त्याच वेळी रुग्णाला वाऱ्यावर न सोडणे ही तिन्ही कर्तव्ये श्रद्धेशी सुसंगत मानली. एकोणिसाव्या शतकात ब्रिस्टल येथे जॉर्ज म्यूलर (1805-1898) यांनी हजारो अनाथ मुलांचा सांभाळ कोणाकडेही थेट पैसे न मागता, केवळ प्रार्थनेच्या आधारे करण्याचा प्रयोग केला. हडसन टेलर यांनी 1865 मध्ये स्थापिलेले चायना इनलँड मिशन याच तत्त्वावर चालले. म्यूलर व टेलर यांची चरित्रे वाचून भारतातही असे कार्य का होऊ नये, असा प्रश्न रमाबाईंच्या मनात उभा राहिला. मात्र या प्रश्नाची खरी पार्श्वभूमी त्यांच्या स्वतःच्या बालपणात होती.

डोंगरे कुटुंबाचा अनुभव

रमाबाईंचा जन्म 1858 चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान, पत्नीला व मुलींना संस्कृत शिकविण्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करणारे गृहस्थ होते. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणे सांगत देशभर फिरत असे. 1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात पडलेल्या दुष्काळात त्यांची दैना झाली. देव प्रसन्न होईल या आशेने स्नाने, जप व दानधर्म यांत उरलेसुरले द्रव्य संपले. दागिने, वस्त्रे, भांडी विकली गेली. अखेर अरण्यात पाणी व पालापाचोळा यांवर दिवस काढण्याची वेळ आली. अल्पावधीत वडील, आई आणि थोरली बहीण यांचा मृत्यू झाला.

रमाबाईंनी 1897 मध्ये लिहिलेल्या दुष्काळाच्या आठवणींत एक प्रसंग येतो. अंधत्व व वार्धक्य यांनी खचलेल्या वडिलांनी जलसमाधी घेण्याचा निश्चय केला होता. त्या वेळी भाऊ श्रीनिवास यांनी, आता जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू आणि आईवडिलांना पोसू, असे सांगून त्यांना परावृत्त केले. शास्त्रपठणाखेरीज कोणतेही काम ठाऊक नसणे आणि अंगमेहनत हलकी मानणे, हे आपल्या कुटुंबाच्या नाशाचे एक कारण होते, हा बोध रमाबाईंनी या अनुभवातून घेतला. मुक्ती मिशनमधील विश्वास व श्रम यांची सांगड समजून घेण्यासाठी हा प्रसंग महत्त्वाचा आहे. वडिलांच्या श्रद्धेत निष्ठेची उणीव नव्हती. परंतु त्या श्रद्धेने हातांना काम दिले नव्हते.

आश्रयदात्यांपासून स्वातंत्र्य

1882 मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर रमाबाई पुण्यास आल्या. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. अमेरिकेत 1887 मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि त्या बळावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झाले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. संस्थेने धर्माबाबत तटस्थ राहावे, अशी अपेक्षा होती. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस उपस्थित राहतात, यावरून 1893 मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर आदींनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या.

येथून रमाबाईंच्या विचारास नवे वळण मिळाले. एका बाजूस स्थानिक सुधारकांचा आधार तुटला होता, दुसऱ्या बाजूस अमेरिकन साहाय्याची मुदत 1898 मध्ये संपणार होती. ज्यांच्या मदतीवर संस्था चालते त्यांच्या अटींवरही ती चालते, हे त्यांना कळून चुकले होते. देवावर विसंबणे म्हणजे कोणत्याही मंडळाच्या मर्जीवर न विसंबणे, असा व्यावहारिक अर्थ त्यांच्या विश्वासाला प्राप्त झाला. संस्थेला स्वतःचे उत्पन्न असावे म्हणून त्यांनी 1890 च्या दशकाच्या मध्यास केडगाव येथे फळबागेसाठी जमीन घेतली. विश्वासाची भाषा बोलणाऱ्या या बाईंनी आधी शेतजमीन घेतली, ही बाब सूचक आहे.

1897 ची कसोटी

1896-97 मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. बालपणीच्या स्मृतींनी व्याकूळ झालेल्या रमाबाई स्वतः त्या भागात गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. हाती पुरेसा पैसा नव्हता. तरीही सुमारे 300 मुलींचा भार त्यांनी स्वीकारला. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि शहरात नव्या माणसांना ठेवण्यावर अधिकाऱ्यांनी निर्बंध घातले. परिणामी मुलींना केडगावच्या उघड्या माळावर तात्पुरत्या निवाऱ्यांत ठेवावे लागले. मुक्ती सदनाचा आरंभ असा संकटातून झाला.

याच वर्षी घडलेली दुसरी घटना रमाबाईंच्या विश्वासाचे स्वरूप अधिक स्पष्ट करते. प्लेगच्या इस्पितळात नेलेल्या आपल्या एका मुलीची तेथे जी परवड झाली, तिच्याविषयी त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून जाहीर तक्रार केली. हे प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत पोहोचले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप फेटाळले. मिशनरी वर्तुळाचा पाठिंबा आवश्यक असतानाही रमाबाईंनी सरकारला जाब विचारला. देव रक्षण करील म्हणून मौन पाळणे त्यांना मान्य नव्हते. ज्यांचे रक्षण ही शासनाची जबाबदारी आहे, त्यांच्याबाबत शासनाला सोडायचे नाही, ही भूमिका त्यांच्या श्रद्धेच्या विरोधात नव्हती, तर त्या श्रद्धेतूनच आली होती.

विश्वासाची रोजची व्यवस्था

1899-1900 च्या दुष्काळात गुजरात व लगतच्या भागांतून आणखी मुली आल्या आणि मुक्तीमधील संख्या सुमारे 1,900 पर्यंत गेली. एवढ्या जनसमुदायाचे अन्न, पाणी, वस्त्र व आरोग्य सांभाळणे हे प्रशासनाचे मोठे काम होते. विहिरी खोदल्या गेल्या, शेती व दूधदुभते सुरू झाले, विणकाम, शिवणकाम, तेलघाणी, छपाई अशी कामे स्त्रियांच्या हाती देण्यात आली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध व दुर्बलांसाठी प्रीती सदन, अंध स्त्रियांसाठी बार्तिमी सदन असे विभाग झाले. रमाबाईंची कन्या मनोरमा यांनी अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली. ब्राह्मण विधवा आणि दुष्काळग्रस्त कष्टकरी जातींतील मुली एकाच आवारात काम करू लागल्या. श्रीनिवास यांनी संकटाच्या क्षणी उच्चारलेला जातिअभिमान सोडण्याचा निर्धार येथे संस्थेचा नियम झाला.

बायबलचे भाषांतर हेही याच दृष्टीचे फळ होय. अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून रमाबाईंनी संपूर्ण बायबल उतरविले आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात स्त्रियांनी छापले. ज्या ग्रंथावर विश्वास ठेवायचा तो स्वतः वाचता आला पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता.

मर्यादा आणि आक्षेप

या इतिहासाचे मूल्यमापन करताना काही आक्षेप विचारात घेणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप आर्थिक आहे. मुक्ती मिशन केवळ प्रार्थनेवर चालले, हे विधान अक्षरशः घेता येत नाही. संस्थेची पत्रके देशोदेशी जात, गरजांचे वर्णन त्यांत असे आणि अमेरिका, ऑस्ट्रेलिया आदी देशांतून देणग्या येत. अमेरिकेतील असोसिएशनही 1898 नंतर नव्या रूपाने साहाय्य करीत राहिली. मागणी न करण्याचे तत्त्व आणि गरज कळविण्याची पद्धत यांतील सीमारेषा पुसट होती. दुसरा आक्षेप धर्मांतराचा आहे. उपाशी मुलींना अन्नाबरोबर नवा धर्म देणे कितपत न्याय्य, हा समकालीन टीकाकारांचा प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही. कारण भुकेलेल्या अल्पवयीन मुलीची निवड पूर्णतः मुक्त नसते. या मुलींना अन्यत्र कोणता आश्रय उपलब्ध होता, हा प्रतिप्रश्नही तितकाच खरा आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. केडगावला आलेल्या सर्वच मुली वाचल्या नाहीत. उपासमारीने खंगलेल्या अनेकींनी तेथेच प्राण सोडले. ज्या वाचल्या त्या देवाच्या संरक्षणामुळे, तर ज्या गेल्या त्यांचे काय? रमाबाईंना हा प्रश्न वैयक्तिक आयुष्यातही टळला नाही. संस्थेची वारस म्हणून जिला घडविले ती मनोरमा 1921 मध्ये, चाळिशीत निवर्तली. त्यानंतर वर्षाच्या आतच, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंचे निधन झाले. मधल्या काळात त्या बायबलच्या भाषांतराचे काम पूर्ण करीत होत्या. संरक्षण म्हणजे दुःखापासून सुटका, असा अर्थ त्यांच्या विश्वासाला असता तर हे काम तेथेच थांबले असते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पंडिता रमाबाईंचा ईश्वरी संरक्षणावरील विश्वास हा दैववाद नव्हता; दुष्काळात निष्क्रिय श्रद्धेची किंमत त्यांनी आपल्या कुटुंबाच्या रूपाने मोजली होती. दुसरी, या विश्वासाने एका भारतीय स्त्रीला सुधारक, परदेशी आश्रयदाते आणि सरकार या तिन्ही सत्तांसमोर स्वतंत्रपणे उभे राहण्याचे बळ दिले. तिसरी, हा विश्वास विहीर, शेत, माग आणि छापखाना यांच्या रूपाने व्यक्त झाला. म्हणून त्याचा इतिहास केवळ धर्माच्या इतिहासात न शोधता श्रमाच्या, जातीच्या व स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातही शोधावा लागतो.

1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यानंतर माढा-मोडनिंब परिसराचे चित्र पुष्कळ बदलले, तरी पावसाची अनिश्चितता संपलेली नाही. मंगळवेढ्याचे कोठार, आष्टीचा तलाव आणि केडगावची विहीर यांच्यामागील प्रेरणा वेगवेगळ्या आहेत : एक भक्तिपरंपरेची, दुसरी शासनाची, तिसरी ख्रिस्ती श्रद्धेची. परंतु दुष्काळात माणूस वाचला तो कोणीतरी कोठार उघडले, माती उचलली, विहीर खोदली म्हणून. रमाबाईंच्या दृष्टीने देवाचे संरक्षण या हातांच्या पलीकडे नव्हते. ते या हातांतूनच येत होते. श्रद्धेच्या इतिहासाचा अभ्यास करताना हे हात दृष्टीआड होऊ नयेत.