पायाखालचा आवाज

जोगेश्वरीचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक, पूर्वेकडची सहाव्या शतकातली लेणी. दुसरी, जानेवारी १९९३ मधली राधाबाई चाळीची आग. दोन्हींवर पुष्कळ लिहून झालं आहे. आज मला जो इतिहास सांगायचा आहे तो अजून कुणी लिहायला घेतलेला नाही, कारण तो भंगारात, सोल्डरच्या धुरात आणि प्लायवूडच्या तुकड्यांवर घडला. इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी जे छोटे छोटे डबे असतात, त्यांचा आणि ते डबे ज्यावर बसवतात त्या फळीचा हा इतिहास आहे.

या डब्यांना पेडल म्हणतात. इलेक्ट्रिक गिटार नुसती छेडली तर डास गुणगुणावा इतकाच आवाज येतो. तारांखालचा पिकअप त्या कंपनाची वीज करतो, ती वायरमधून अँप्लिफायरला जाते आणि मग आवाज मोठा होतो. या वाटेवर मध्येच एखादा डबा ठेवला की आवाजाचं रूप बदलता येतं. एक डबा आवाज खरखरीत करतो, दुसरा त्याचे प्रतिध्वनी काढतो, तिसरा त्याला लाटेसारखा हलवतो. दोन्ही हात तारांवर अडकलेले असतात, म्हणून बटण पायानं दाबायचं.

गंमत अशी की यातला सगळ्यात गाजलेला आवाज बिघाडातून जन्मला. १९६० च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिल गावी मार्टी रॉबिन्स या गायकाचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक भाग नादुरुस्त झाला आणि बास गिटारचा आवाज फाटका येऊ लागला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणं लोकांना आवडलं. मग ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकानं तोच बिघाड मुद्दाम घडवून आणणारं मंडल तयार केलं आणि १९६२ मध्ये ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ नावाचं पेडल बाजारात आलं. त्याचा खप खरा वाढला तो १९६५ मध्ये, रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर. त्याआधी इंग्लंडमध्ये डेव्ह डेव्हिस या पोरानं तर आपल्या अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडनं चिरला होता. पैसे नसलेला माणूस कुठलाही असो, त्याची अक्कल साधारण एकाच दिशेनं धावते.

आता आपल्याकडे या. १९९१ च्या आधी परदेशी वाद्यांची सामग्री आणायची म्हणजे परवाना आणि जबर जकात. बोटीवर काम करणारा नातेवाईक किंवा आखातातला मामा हाच काय तो आयातदार. धोबी तलावचं फुर्टाडोज हे दुकान १८६५ पासूनचं, पण तिथल्या काचेआडची गिटार बघणं वेगळं आणि घेणं वेगळं. तरीही वाजवणारे होतेच. व्हॅन शिपले यांनी स्वतःच्या कल्पनेनं आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घडवली आणि तिच्यावर हिंदी चित्रपटगीतं वाजवून घराघरांत पोचवली. १९७० आणि १९७१ मध्ये सिम्ला सिगारेटच्या नावानं झालेल्या स्पर्धांतल्या बँडच्या लाँगप्ले तबकड्या निघाल्या. १९७१ मध्येच ‘दम मारो दम’ आलं. त्यातली गिटार वाजवणारे भूपिंदरसिंग पुढे गझलगायक म्हणून ओळखले गेले. आमच्यासारख्या गझलच्या वेडापायी वाया गेलेल्यांना हे ऐकून जरा बरं वाटतं.

पण उपनगरातल्या पोरानं तो आवाज काढायचा कसा? याचं उत्तर बंगळुरूहून आलं. भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यानं १९६२ मध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनवायला सुरुवात केली. ते देशभरच्या रेडिओंत बसले. एसी १२८ हा त्या घराण्यातला क्रमांक जुन्या मेकॅनिकांना अजून तोंडपाठ आहे. आणि तिकडे लंडनमध्ये १९६६ मध्ये निघालेलं ‘फझ फेस’ हे पेडल, जे पुढे जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गाजलं, त्याच्या पोटात होतं काय? दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कंडेन्सर आणि आवाज कमी-जास्त करायची दोन बटणं. एकूण अकरा भाग! यातले बहुतेक भाग कुठल्याही मेलेल्या रेडिओत सापडायचे. उरलेले लॅमिंग्टन रोडला मिळायचे.

माझ्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, आमच्या जोगेश्वरीत रेडिओ दुरुस्तीची दुकानं होती. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा, वर लोंबणारा बल्ब आणि फळीवर पाठ उघडी टाकलेले रेडिओ. संध्याकाळी तिथे ऑर्केस्ट्रातली मुलं घुटमळायची. कुणाकडे झेरॉक्स केलेली, मग पुन्हा झेरॉक्स केलेली सर्किटची आकृती असे. मेकॅनिक चाचा ती डोळ्याजवळ धरून बघत आणि म्हणत, “बेटा, हा तर बिघडलेला अँप्लिफायर आहे. हा दुरुस्त करायचा की असाच पाहिजे?” असाच पाहिजे म्हटल्यावर ते हसत आणि सोल्डरिंग तापत ठेवत. डबा पानमसाल्याचा, पत्र्याचा. पत्राच का, तर प्लॅस्टिकच्या डब्यात बसवलेला फझ हवेतल्या लहरी पकडतो. तार छेडायच्या आधीच डब्यातून निवेदकाचा आवाज यायचा. १ नोव्हेंबर १९६७ पासून विविध भारतीच्या मुंबई केंद्रावर जाहिराती सुरू झाल्या होत्या, त्यामुळे कधी कधी हेंड्रिक्सच्या आधी टूथपेस्ट ऐकावी लागे.

जर्मेनियमचा आणखी एक स्वभाव आहे. ते उष्णतेला फार हळवं असतं. जानेवारीत गोड लागलेलं पेडल मे महिन्यात मंडपाच्या पत्र्याखाली घशात घरघर भरल्यासारखं बोलतं. पुढे सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर आले, हा त्रास संपला. जाणकार म्हणतात, मजाही थोडी संपली.

हे सगळं गिटारपुरतं राहिलं असतं तर मी इतक्या उत्साहानं बोललो नसतो. आमच्या भागात गिटारवाले मोजके. ज्या वाद्यानं हे डबे खरे वापरले ते म्हणजे बेंजो. गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर जनरेटर, भोंगे आणि गळ्यात बेंजो अडकवलेला पोरगा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हे वाद्य मूळचं जपानी. १९१२ मध्ये नागोया शहरात मोरिता गोरो यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं टाइपरायटरसारख्या कळांचं तंतुवाद्य केलं. ते आपल्याकडे आलं, बुलबुलतरंग झालं, त्यात पिकअप बसला आणि मुंबईत त्याला बेंजो म्हणू लागले. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचं नातं नावापुरतंच. हाच बेंजो कव्वालीतही वाजतो. आमच्याकडे तर असा वादक मी पाहिला आहे की जो उरुसात कव्वालाच्या मागे बसायचा आणि भाद्रपदात मंडळापुढे चालायचा. वाद्य तेच, पायाशी किंवा कमरेला बांधलेला डबा तोच, फक्त प्रतिध्वनीचं बटण कव्वालीत जास्त फिरवलेलं. १९९३ नंतरही त्याचे हे दोन्ही हंगाम चालू राहिले. पहिल्या वर्षी आमंत्रण द्यायला मंडळाचे कार्यकर्ते रात्री उशिरा, गुपचूप आले होते एवढंच.

मला अनेक सभांत विचारतात, तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसं काय लिहिता? बेंजोला हा प्रश्न कुणी विचारत नाही, हे त्याचं नशीब.

वाद्यांनाही सोवळंओवळं भोगावं लागतं. ज्या रेडिओवरून मी बोलतो आहे त्यानं १९४० मध्ये हार्मोनियमला दार बंद केलं, ते १९७१ पर्यंत बंदच होतं. त्या मानानं बेंजोवाल्यांचं फारसं वाईट झालं नाही. त्यांना कुणी आत बोलावलंच नव्हतं.

आता फळीकडे येतो. पेडलबोर्ड हा शब्द मुळात चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनचा. पायानं वाजवायच्या पट्ट्यांना तो म्हणत. सत्तरच्या दशकात लंडनच्या पीट कॉर्निश यांनी पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरसारख्या वादकांसाठी सगळी पेडलं एका पेटीत बसवून द्यायला सुरुवात केली आणि शब्दाला नवा अर्थ आला. १९७७-७८ च्या सुमारास जपानच्या बॉस कंपनीची आटोपशीर पेडलं आली. एकाची चार झाली की वायरींचा गुंता, बॅटऱ्यांचा खर्च आणि दर कार्यक्रमाआधी अर्धा तास जुळवाजुळव. फळी हवीच.

तयार फळी आजही महाग आहे. परदेशातल्या पोरांनी त्यावर तोड काढली ती आयकिया कंपनीच्या ‘गॉर्म’ नावाच्या साध्या लाकडी मांडणीची. तिच्या पट्ट्यांमध्ये फट असते, त्यातून वायरी खाली सोडता येतात. जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याकडे जुन्या फर्निचरचा जो बाजार आहे, तिथे ही मांडणी कधीपासूनच पडून आहे. तिला आपण मोडक्या पलंगाच्या पट्ट्या म्हणतो. त्या बाजारात आगी लागतात, दुकानं पुन्हा उभी राहतात, आणि पट्ट्या पुन्हा मिळतात.

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी अशीच फळी केली. लांबी दोन फूट, रुंदी एक फूट. दोन बाजूंना प्लायवूडचे तिरके तुकडे, मागची बाजू तीन इंच उंच, म्हणजे मागच्या रांगेतलं बटण दाबताना पुढच्यावर पाय पडत नाही. वर चार पट्ट्या, मध्ये दोन बोटांची फट. पॉलिश पेपरनं घासून काळा रंग, वर वेलक्रो. लाकूड, स्क्रू, रंग, वेलक्रो मिळून हजार रुपयांच्या आत काम झालं. पेडलांच्या जोडवायरी त्यानं लॅमिंग्टन रोडवरून प्लग आणून स्वतः सोल्डर केल्या, कारण तयार वायर लांब पडते आणि जितकी वायर लांब तितका आवाज मंदावतो.

खरी कसोटी विजेची. बहुतेक पेडलांना नऊ व्होल्ट लागतात, पण त्यांच्या पिनेत आतली बाजू ऋण असते. आपल्या बाजारातल्या कितीतरी अडॅप्टरमध्ये ती धन असते. उलटी लावली तर पेडल जळू शकतं. शिवाय फझला काही मिलिअँपिअर पुरतात, डिजिटल प्रतिध्वनीच्या पेडलाला शंभराच्या आसपास लागू शकतात. सगळ्यांना एकाच अडॅप्टरच्या माळेत ओवलं की घूं असा आवाज सुरू होतो. भाच्यानं डिजिटल पेडलाला वेगळा अडॅप्टर दिला, तेव्हा तो थांबला.

फळीवर डावीकडून तिसरा डबा कंपनीचा नाही. पत्र्याचा आहे, झाकणावरची नक्षी अजून दिसते. आत एसी १२८ ची जोडी आहे. ती ज्या रेडिओतून काढली तो माझ्या आईचा होता. त्याच्यावर ती दुपारी कामगार सभा ऐकायची. भाच्यानं विचारलं होतं, “मामू, काढू का?” रेडिओ पंधरा वर्षं बंद पडून होता. मी काढ म्हटलं. उरलेला रिकामा लाकडी खोका मात्र त्यानं मागूनही मी दिला नाही, त्यात सध्या माझी पत्रं असतात.