अकरा मात्रांचा हिशेब : जॅम बँड, प्रोग्रेसिव्ह रॉक आणि उस्ताद अल्लारखा

समुद्रपुरात बसून अमेरिकन रॉकचा इतिहास कशाला, असं कुणी विचारलं तर ते रास्तच आहे. उत्तर थोडक्यात असं, की या इतिहासातला एक महत्त्वाचा धागा मुंबईतून जातो, आणि तो ओळखायला लागणारा कान आपल्याकडं भजनात आधीच तयार होतो.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. १९६०च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात प्रोग्रेसिव्ह रॉक उभा राहिला. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९ चा. 'येस' या बँडचा 'क्लोज टू द एज' १९७२ चा, आणि त्यातलं शीर्षकगीत अठरा मिनिटांहून मोठं. लांब रचना, अवघड मात्रा, सगळं मोजूनमापून बांधलेलं. जॅम बँडची वाट उलटी. गाणं ही फक्त सुरुवात. मंचावर जे सुचेल ते वाजवत जायचं, आणि आजचा प्रयोग कालच्यासारखा होऊ द्यायचा नाही. या परंपरेचं मूळ घराणं म्हणजे सॅन फ्रान्सिस्को भागातला 'ग्रेटफुल डेड'.

आता प्रश्न असा, की ज्याला मोजलेलं आवडतं त्यानं या मोकाट वाजवण्याकडं का वळावं? प्रोग्रेसिव्ह रॉकचे कितीतरी श्रोते जॅम बँडवर 'नुसतं भटकतात' अशी टीका करतात, तरी त्यांच्यातलेच पुष्कळ जण या संगीतात रमले. आमच्या मते याचं मोठं कारण लय आहे. बाहेरून मोकाट वाटणाऱ्या त्या वाजवण्याच्या आत हिशेब असतो.

तो हिशेब कुठून आला ते बघू. १८ जून १९६७ रोजी कॅलिफोर्नियातल्या माँटेरे महोत्सवात दुपारी पंडित रविशंकर वाजवायला बसले. तबल्यावर उस्ताद अल्लारखा. त्याच दिवशी रात्री ग्रेटफुल डेडही त्याच मंचावर होता. अल्लारखा जन्मानं जम्मूकडचे, तालीम पंजाब घराण्याची मियाँ कादरबक्ष यांच्याकडं, आणि कर्मभूमी मुंबई. आकाशवाणीवर त्यांनी काम केलं, ए. आर. कुरेशी या नावानं हिंदी चित्रपटांना संगीत दिलं. पंजाब घराण्याची ओळखच मुळी लयकारीची, म्हणजे गणिताची.

सप्टेंबर १९६७ मध्ये मिकी हार्ट हा दुसरा ड्रमवादक म्हणून डेडमध्ये आला, आणि त्याच सुमारास अल्लारखांच्या सहवासात आला. मात्रा मोजणं आणि लयीवर लय चढवणं हा अभ्यास त्यानं बँडमध्ये नेला. याचा पुरावा गाण्यांतच सापडतो. १९६९च्या 'लाइव्ह/डेड' अल्बममध्ये 'द इलेव्हन' नावाचं गाणं आहे. नावच अकरा. तीन-तीन-तीन-दोन असं मोजून बघा, आवर्तन हाताला लागतं. दुसरं 'प्लेइंग इन द बँड', दहा मात्रांचं. झपतालाच्याही मात्रा दहाच, पण खंड वेगळे. तेव्हा हा झपतालच आहे असं मात्र म्हणू नका.

इथं एक तुलना करू. पिंक फ्लॉइडचं १९७३चं 'मनी' सात मात्रांत चालतं, पण गिटारचा एकल तुकडा आला की मात्रा साध्या चार होतात. म्हणजे अवघड मोजणी रचनेपुरती, मोकळं वाजवायची वेळ आली की सोपी वाट. 'द इलेव्हन'मध्ये उत्स्फूर्त वादनच अकरा मात्रांत होतं. रचनेतलं गणित ज्याला आवडतं, त्याला इथं तेच गणित कुठलीही लिहिलेली संहिता नसताना, डोळ्यांसमोर सोडवलेलं ऐकू येतं. त्याची ओढ आम्हाला इथं दिसते.

अर्थात आपल्या मैफलीहून एक फरक आहे, तो लपवायला नको. आपल्याकडं आवर्तन अखंड चालू राहतं आणि कलावंत समेवर येतो. 'प्लेइंग इन द बँड'मध्ये पुष्कळदा आवर्तनच विरघळून जातं. २१ मे १९७४ रोजी सिअ‍ॅटलला हे एकच गाणं सुमारे ४६ मिनिटं चाललं. मूळ धून हरवते, आणि शेवटी परत सापडते. श्रोता त्या परतण्याची वाट बघत बसतो.

सगळंच श्रेय भारताला देणंही बरोबर नाही. डेव्ह ब्रुबेकचा 'टाइम आउट' १९५९चा. विषम मात्रा जॅझमधून आधीच पोचल्या होत्या. मोकळ्या वादनाचा वारसा तर मुख्यतः जॅझ आणि ब्लूजचाच. पण 'पौर्वात्य प्रभाव' म्हणून धूप-उदबत्तीच्या धुरात हा विषय गुंडाळला जातो, तेव्हा एका गुरूचं नाव आणि त्याची शिस्त पुसली जाते. हार्टनं स्वतः ते ऋण मानलं. अल्लारखांचे पुत्र झाकीर हुसेन यांच्यासोबत त्यानं १९७६ मध्ये 'दिगा ऱ्हिदम बँड'चा अल्बम केला, पुढं १९९१ मध्ये 'प्लॅनेट ड्रम'. त्याला जागतिक संगीताच्या अल्बमसाठीचं पहिलं ग्रॅमी मिळालं.

पुढच्या पिढीत हे दोन प्रवाह उघडच एकत्र आले. १९८३ मध्ये व्हरमाँटला सुरू झालेल्या 'फिश' या बँडच्या 'यू एन्जॉय मायसेल्फ'मध्ये आधी काटेकोर रचना आणि मग मोकळं वादन. १९९८ मध्ये याच बँडनं युटातल्या एका कार्यक्रमात पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' सगळा वाजवला. २०१० मध्ये जेनेसिस या प्रोग्रेसिव्ह बँडचा 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये सन्मान झाला, तेव्हा गौरवाचं भाषण फिशच्या ट्रे अनास्तासिओनं केलं.

आणखी एक कारण. डेडनं श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू दिलं. १९८४पासून त्यांच्यासाठी वेगळी जागाही राखली. एकाच गाण्याचे कितीतरी प्रयोग शेजारी ठेवून तपासायला मिळाले. बारकाईनं ऐकणाऱ्या श्रोत्याला आणखी काय हवं?

आता आपल्याकडं वळू. हा राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीचा मुलूख. भजनात गायक ध्रुपद सोडून कडव्यात जातो, लय चढते, टाळ चढतात, आणि सगळं मंडळ एका क्षणी ध्रुपदावर येतं. तेव्हा मान आपोआप हलते, कुणी शिकवावं लागत नाही. ज्यांची मान अशी हलते, त्यांनी 'रॉक म्हणजे गोंगाट, आपल्याला कळायचं नाही' असं म्हणू नये. आज घरी गेल्यावर 'द इलेव्हन' लावा आणि बोटांवर अकरा मोजा. पहिल्यांदा चुकेल. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला सम सापडेल.