आघाडी दोनच मिनिटे टिकली

दि. 4 डिसेंबर 1956. मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात बलाढ्य युगोस्लाव्हियाविरुद्ध 52व्या मिनिटाला भारताने पहिला गोल केला. तो करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्यातील आसगावचा, पण फुटबॉलपटू म्हणून घडला तो मुंबईत. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळे. मुंबईच्या फुटबॉलचे केंद्र होते कूपरेज. 1891 पासूनची रोव्हर्स चषक स्पर्धा हे त्याचे वैभव.

तीनच दिवसांपूर्वी त्याने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत 4-2 असा जिंकला. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताला पहिली फेरी खेळावीच लागली नव्हती, ही नशिबाची साथ; मात्र ऑस्ट्रेलियावरील विजय निखळ खेळाचा होता.

युगोस्लाव्हियाविरुद्धची आघाडी मात्र अल्पायुषी ठरली. 54व्या मिनिटाला झ्लात्को पापेत्सने बरोबरी साधली. हा खेळाडू झाग्रेबचा, म्हणजे आजच्या क्रोएशियाचा. आज मॉड्रिचचे नाव घेणाऱ्या मुंबईकर मुलांना हा जुना क्रोएशियन ठाऊक असण्याचे कारण नाही. खेदाची गोष्ट ही, की नेव्हिलही ठाऊक नाही. पुढे वेसेलिनोविचचा एक, पापेत्सचा आणखी एक आणि भारताचा एक स्वयंगोल. निकाल 1-4.

कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने भारताला 3-0 असे हरवले. चार गोलांसह नेव्हिल स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे अग्रस्थानी राहिला. 1980 साली, वयाची पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्याचे निधन झाले.