सेवा आणि साधना : साकीनाका–कोंडिविटे परिसरातील एक वारसा

साकीनाका म्हटले की वाहनांची कोंडी, गाळ्यागाळ्यांतून चालणाऱ्या यंत्रांची धडधड आणि २०१४ सालापासून माथ्यावरून धावणारी मेट्रो डोळ्यांसमोर उभी राहते. ध्यान आणि मौन यांचा विचार करण्यास हे स्थळ अनुकूल नाही, असेच कोणीही म्हणेल. तथापि येथून वायव्येस तीन-चार किलोमीटरांच्या टापूत या विषयाची तीन ऐतिहासिक पाने उघडी पडलेली आहेत, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

पहिले पान महाकालीच्या, म्हणजेच कोंडिविट्याच्या, बौद्ध लेण्यांचे. काळ्या खडकात कोरलेल्या या एकोणीस लेण्यांपैकी नवव्या लेण्यातील स्तूप एका वर्तुळाकार खोलीत असून तिच्या भिंतीला जाळीदार खिडक्या आहेत. दुसरे पान संत योहान बाप्तिस्ता यांच्या चर्चचे. येशूसंघीयांनी १५७९ साली ते बांधले. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगामुळे भाविक मरोळला स्थलांतरित झाले आणि चर्च ओस पडले. त्याचे भग्नावशेष आज सीप्झच्या औद्योगिक आवारात आहेत. तिसरे पान महाकाली लेण्यांच्या रस्त्यावरील विनयालयाचे. येशूसंघाच्या या दीक्षागृहात १९४७ साली मुंबईचा एक सोळा वर्षांचा तरुण दाखल झाला. त्याचे नाव अँथनी डिमेलो.

लेण्यांतील भिक्षूंचा वारसा थेट विनयालयात उतरला, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांच्यामध्ये शतकांचे अंतर आहे. परंतु जी भूमी एकदा मौनासाठी निवडली गेली, तिच्याच आसमंतात ख्रिस्ती सेवक घडावेत आणि त्यांतील एकाने पुढे बौद्ध साधनेकडून शिकावे, हा योग विचार करायला लावणारा आहे.

फादर डिमेलो यांचा गुरुदीक्षाविधी १९६१ साली झाला. स्पेनमध्ये तत्त्वज्ञान आणि शिकागोत मानसशास्त्र यांचे अध्ययन त्यांनी केले. सत्तरीच्या दशकात त्यांनी पुण्यात ‘साधना’ संस्था उभी केली. पुढे ती लोणावळ्यास गेली. संस्थेचा मूळ हेतू ध्यानात घेण्याजोगा आहे. ती संसारापासून पळ काढणाऱ्यांसाठी नव्हती. धर्मगुरू, धर्मभगिनी आणि इतरांना मार्गदर्शन करणारे प्रेषितकार्यकर्ते यांच्यासाठी ती होती. ज्याला दुसऱ्याचे दुःख ऐकायचे आहे, त्याने आधी स्वतःच्या अंतरंगातील कोलाहल ऐकावा, हे त्यामागील सूत्र होते.

१९७८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘साधना’ या त्यांच्या ग्रंथात श्वासाचे, देहसंवेदनांचे भान ठेवण्याचे अभ्यास आहेत. एका बौद्ध शिबिरात दिवसाचे बारा-चौदा तास केवळ श्वासाकडे लक्ष दिल्याचा अनुभवही त्यांनी नमूद केला आहे. हे सारे परकीय म्हणून नाकारावे काय? तसे करणाऱ्यांनी संत इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ पुन्हा वाचाव्यात. तिसऱ्या पोप पॉल यांनी १५४८ साली मान्यता दिलेल्या त्या पुस्तकात प्रार्थनेची तिसरी पद्धत सांगितली आहे : प्रत्येक श्वासागणिक प्रार्थनेतील एक शब्द म्हणावा आणि दोन श्वासांमधील अवकाशात त्याच्या अर्थावर किंवा ज्याला तो उद्देशून आहे त्याच्यावर मन ठेवावे. म्हणजे पूर्वेकडे पाहताना फादर डिमेलो यांना आपल्याच घरातील एक विसरलेली खोली सापडली, असे आम्हांस वाटते.

या प्रवासात सावधगिरीचे प्रसंगही आले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर धर्मांतील सत्य व पवित्र ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे घोषित केले. १९८९ साली रोमहून आलेल्या पत्राने मात्र बजावले की, पद्धती म्हणजे प्रार्थना नव्हे. शरीराला लाभलेली शांती म्हणजे पवित्र आत्म्याचे सांत्वन नव्हे. फादर डिमेलो १९८७ साली न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यानंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनने त्यांच्या काही विचारांविषयी अधिसूचना काढली. ईश्वराला केवळ निराकार वास्तव मानणे आणि ख्रिस्ताला अनेक गुरूंपैकी एक लेखणे श्रद्धेशी विसंगत आहे, हा तिचा आक्षेप होता. मात्र त्यांचे आरंभीचे लेखन पौर्वात्य प्रभाव असूनही ख्रिस्ती अध्यात्माच्या मर्यादेत राहिले, हेही तिने मान्य केले. अनेक जण पहिला भाग तेवढा सांगतात. काही जण दुसराच. दोन्ही एकत्र वाचणे हाच प्रामाणिकपणा होय.

आमच्या मते कसोटी साधी आहे. मौनातून उठलेला मनुष्य शेजाऱ्याकडे वळतो की स्वतःभोवती फिरत राहतो? प्रभू येशू पहाटे एकांतात प्रार्थनेला गेले आणि तेथून उठून पुन्हा गावोगावी सुवार्ता सांगण्यास निघाले. साकीनाक्याच्या गाळ्यांत राबणाऱ्या श्रमिकाला लोणावळ्याला जाण्याची सवड नसेल. परंतु श्वास त्याच्याजवळ आहे आणि प्रभूची प्रार्थना त्याला पाठ आहे. एवढ्या शिदोरीवर साधना सुरू करता येते, हे त्याला शिकवणे हीदेखील सेवाच आहे. आपल्या धर्मग्रामांनी ती हाती घ्यावी.