हुंडीपासून संगणकापर्यंत : पैशाची राखण



रत्नदुर्गावर भगवतीच्या दर्शनास आपण सर्वच जातो. तटावर उभे राहिले म्हणजे मनात येते की, एवढा तट आणि तीन बाजूंस समुद्र असताना गड राखावयास आणखी काय हवे? शिवकालीन राज्यकर्त्यांचे मत मात्र तसे नव्हते. सभासदाच्या बखरीवरून दिसते की, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे सारख्या योग्यतेचे तीन अधिकारी असत आणि कारभार तिघांच्या मताने चाले. तट शत्रूस बाहेर ठेवील. पण आतूनच कोणी दरवाजा उघडला तर? एकाच्या फितुरीने गड जाऊ नये, म्हणून ही योजना. आज बँकांतून माहिती-सुरक्षा अभियंता नावाचा जो नवा अधिकारी दिसतो, त्याच्या विद्येचे पहिले सूत्र हेच आहे.

दुसरे सूत्र आपल्या सावकारी पेढ्यांत सापडते. हुंडी म्हणजे कागदाचा एक तुकडा. परंतु त्यावर दूरच्या पेठेत रोख रुपये मिळत. तेव्हा राखावयाचा तो मजकूर. शंभर रुपयांची हुंडी असेल तर रक्कम आकड्यात लिहीत, अक्षरी लिहीत आणि शिवाय निमे पन्नास, त्याची दुप्पट, अशी पुन्हा नोंदवीत. एका ठिकाणी खाडाखोड केली तर उरलेल्या ठिकाणी ती उघडी पडे. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या गृहस्थासच मिळत. हुंडी गहाळ झाली तर पेठ आणि तीही हरवली तर परपेठ लिहून देत. यांहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हुंडी लिहिणारी पेढी समोरच्या पेढीस निराळ्या पत्राने वर्दी देई. हुंडी एका वाटेने येई, वर्दी दुसऱ्या वाटेने. दोन्ही जुळल्या म्हणजे रुपये मोजावयाचे.

1880 साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली आणि पुढे मुंबईतल्या चाकरमान्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातली कितीतरी घरे चालली. येथे राखणदार होता पोस्टमन. तो घर ओळखी, माणूस ओळखी, सही येत नसेल तर साक्षीने अंगठा घेई.

आता ओळखीची जागा खुणेने घेतली आहे. पैसे देणारे यंत्र माणूस ओळखत नाही. ते कार्ड आणि गुप्त क्रमांक पाहते, बँकेच्या मुख्य संगणकास विचारते आणि होकार आला की नोटा मोजते. म्हणजे सारा भरवसा त्या होकारावर! तो होकारच खोटा असेल तर काय होते, हे 2018 साली पुण्यात दिसले.

कॉसमॉस सहकारी बँक 1906 सालची, जुनी आणि नावाजलेली. 11 ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, चोरांनी यंत्रे आणि मुख्य संगणक यांच्या दरम्यान आपला एक तोतया मध्यस्थ उभा केला. विचारणा त्याच्यापाशीच अडे आणि होकार तोच देई. मुख्य संगणकास पत्ताच नव्हता. बनावट कार्डांवर 28 देशांतून सुमारे 12,000 व्यवहारांत 78 कोटी आणि देशात 2,849 व्यवहारांत अडीच कोटी रुपये निघाले. 13 तारखेस बँकाबँकांतील संदेशव्यवस्थेतून आणखी 13.92 कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण 94.42 कोटी, आणि तिजोरीस कोणी हातही लावला नव्हता. जुन्या पेढीच्या भाषेत सांगावयाचे तर, हुंडी आली, पण वर्दी जुळवून पाहावयास कोणी उरले नव्हते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी संगणक-सुरक्षेचे किमान नियम घालून दिले.

या अभियंत्याचे काम तरी कोणते? कोणाच्या हाती कोणती किल्ली आहे ते पाहणे. नोकरी सोडून गेलेल्याची किल्ली त्याच दिवशी काढून घेणे. संगणकाच्या नोंदी रोज वाचणे आणि सुट्टीच्या रात्री अवेळी झालेला एखादा व्यवहार दिसला तर तो का झाला, हे विचारणे. आपल्याच गडावर खोटा हल्ला चढवून भगदाड शोधणे, हेही त्याचेच काम. त्याचे यश दिसत नाही. काही घडले नाही, हेच त्याचे यश. म्हणूनच खर्चाचा प्रश्न निघाला की संचालक प्रथम त्याच्याकडे पाहतात आणि तो ‘थांबा’ म्हणाला की तो अडवणूक करतो असे सर्वांस वाटते.

माझ्या मते खरा प्रश्न येथे आहे. यंत्रे विकत मिळतात. परंतु शंका आली असता व्यवहार थांबवण्याचा अधिकार विकत मिळत नाही, तो द्यावा लागतो. गडावर सबनीस नेमावयाचा आणि हवालदाराने त्यास विचारावयाचेच नाही, अशी स्थिती असेल तर तो सबनीस केवळ शोभेचा. कोकणातल्या लहान बँकांत आणि पतपेढ्यांत कोणाची पेन्शन आहे, कोणाचे आंब्याच्या हंगामाचे पैसे आहेत. वार्षिक सभेत आपण लाभांश किती, हे आवर्जून विचारतो. यंदा आणखी एक प्रश्न विचारावा : आपल्या गडावर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणास आहे?